इंद्रायणीच्या खोऱ्यात

'दरीतलं गाव' म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्वित्झर्लंड उभं राहतं. दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर, मधून खळाळणारी नदी, लाकडी घरं आणि गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. यात हिंदी सिनेमाचा वाटा मोठा आहे. पण आपण स्वतः दरीत राहतो, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही. मी पिंपरी-चिंचवडच्या उत्तर टोकाला असलेल्या तळवड्याचा. माध्यमिक शाळेत तीसेक वर्षं भूगोल शिकवला. 'आपलं गाव कुठल्या खोऱ्यात आहे?' असा प्रश्न मी दरवर्षी नववीच्या वर्गात विचारत असे. उत्तरं यायची, 'चाकण रोडला', 'एमआयडीसीत', 'आयटी पार्कच्या मागं'. इंद्रायणीचं नाव एखाद्याच्याच तोंडी यायचं, आणि तोसुद्धा बहुधा वारकऱ्याच्या घरातला असायचा.

यात मुलांचा दोष नाही. आल्प्समधली दरी डोळ्यांत भरते, आमची भरत नाही. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावते आणि कामशेत, वडगाव, इंदोरी, देहू, तळवडे, चिखली, मोशी, आळंदी असं करत तुळापूरला भीमेला मिळते. सारा प्रवास शंभर किलोमीटरच्या आसपास. लोणावळ्यापासून तळवड्यापर्यंत चाळीसेक किलोमीटर अंतरात जमिनीच्या उंचीतला फरक शंभर मीटरही नाही. एवढा मंद उतार पायाला जाणवत नाही, तो पाण्यालाच कळतो.

पण मान वर करून पाहिलं तर खोरं दिसतं. दक्षिणेला लोहगड-विसापूरपासून घोरावडेश्वरापर्यंत येणारी डोंगररांग आहे. तिच्या पलीकडे पवनेचं खोरं. उत्तरेला भंडारा आणि भामचंद्रचे डोंगर. या दोन रांगांच्या मधला रुंद पट्टा म्हणजे आमचं खोरं. पूर्वेकडे येता येता रांगा विरत जातात, त्यामुळे निगडीच्या आसपास दोन नद्यांमधला पाणलोटाचा उंचवटा आता इमारतींत हरवून गेला आहे. तरी तो आहे. निगडीच्या अलीकडे-पलीकडे पडलेल्या पावसाची वाटणी आजही तिथंच होते. काही पाणी पवनेकडे जातं, काही आमच्या ओढ्यांनी इंद्रायणीला येतं. पुढं भीमेत दोघांची भेट होते, पण वेगवेगळ्या वाटांनी.

या खोऱ्याचं दुसरं वैशिष्ट्य पावसाचं. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्याला सातशेच्या घरात. म्हणजे एका टोकाला भाताची खाचरं आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवर बाजरी-ज्वारीचं रान. मावळातल्या भाताला 'इंद्रायणी' हे नाव मिळालं ते याच नदीवरून. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ साली हे वाण प्रसारित केलं. पण या पावसाची एक बाजू आमच्या गावानं नीट ध्यानात ठेवायला हवी. तळवड्याला पूर येतो तो तळवड्याच्या पावसानं नाही. तो मावळातल्या पावसानं येतो. इथं ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते. नवीन राहायला आलेल्या माणसाला हे कोडंच वाटतं. माझे वडील मात्र श्रावणात पश्चिमेकडचं आभाळ बघून काठावरची मोटर वर आणून ठेवायचे.

आता थोडं आल्प्सकडे वळू. माझा एक माजी विद्यार्थी तळवड्यात छोटा कारखाना चालवतो. गाड्यांचे सुटे भाग, बुश, पिना, नोझल असल्या वस्तूंचं टर्निंगचं जॉबवर्क तो करतो. काही वर्षांपूर्वी एका मशीनच्या निमित्तानं तो फ्रान्समधल्या क्लूझ नावाच्या गावाला जाऊन आला. आल्यावर भेटायला आला तेव्हा म्हणाला, "सर, तिथंपण घराघरात टर्निंगच हो! गल्लीतून चाललं की कटिंग ऑइलचा वास येतो, अगदी आपल्यासारखा. फक्त वर बघितलं की बर्फ दिसतो." मग मी नकाशे आणि पुस्तकं काढून बसलो, आणि मला आमच्या खोऱ्याचं एक दूरचं भावंड सापडलं.

क्लूझ हे आर्व्ह नदीच्या दरीतलं सतरा-अठरा हजार वस्तीचं गाव. आर्व्ह नदी माँ ब्लांच्या, म्हणजे ४,८०० मीटरहून उंच अशा शिखराच्या परिसरातल्या हिमनद्यांच्या पाण्यावर वाहते आणि जिनिव्हाजवळ ऱ्होन नदीला मिळते. वरचं शामोनी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आणि रस्त्यानं चाळीस-बेचाळीस किलोमीटर खाली असलेलं क्लूझ पाचशेच्याही खाली. जेवढ्या अंतरात आमची इंद्रायणी शंभर मीटरही उतरत नाही, तेवढ्यात आर्व्ह साडेपाचशे मीटर उतरते. 'क्लूझ' या शब्दाचा अर्थच मुळी डोंगर आडवा चिरून नदीनं काढलेली अरुंद वाट. आपल्याकडं खिंड म्हणतात, तसं.

दोन्ही दऱ्यांची घडण वेगळी आहे. आल्प्स हा घडीचा पर्वत. भूखंड एकमेकांवर रेटले गेले, थरांना वळ्या पडल्या आणि नंतर हिमयुगातल्या हिमनद्यांनी त्या खरवडून रुंद तळाच्या दऱ्या केल्या. आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास ओतल्या गेलेल्या लाव्ह्याचे एकावर एक थर. इथं बर्फानं काही केलं नाही. सारं काम पावसाचं आणि नदीचं. पश्चिमेला हा कडा कोकणात एकदम कोसळतो आणि पूर्वेला संथ उतरत जातो. म्हणून आमचं खोरं पश्चिमेच्या तोंडाशी उघडं आहे. खंडाळ्याच्या कड्यावर उभं राहिलं की एका बाजूला कोकण आणि दुसऱ्या बाजूला थेट इंद्रायणीचं रान.

आणि हे उघडं तोंडच आमच्या इतिहासाचं कारण आहे. डोंगरातली वाट जिथून सोपी, तिथूनच माणसं, माल आणि फौजा जातात. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांवरून घाटमाथ्यावर येणारे व्यापारी या खोऱ्यातून गेले आणि वाटेवर कार्ले, भाजे, बेडसे इथली लेणी उभी राहिली. कार्ल्याचं चैत्यगृह हे देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठं मानलं जातं. त्याच्या खांबांवर आणि भिंतींवर दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी आहे आणि धेनुकाकट गावचे यवनही आहेत. तिथल्या शिलालेखात 'मामाल' असं या प्रदेशाचं नाव येतं. आजचं 'मावळ' ते त्यावरूनच, असं अभ्यासक मानतात.

पुढं याच नदीच्या काठी १२९६ मध्ये आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली आणि सतराव्या शतकात देहूला तुकोबा झाले. तुकोबांची गाथा इंद्रायणीनं सांभाळली ही कथा आपण सगळेच ऐकत आलो. पण ते ज्या घरात वाढले ते घर वाण्याचं, सावकारी आणि व्यापार करणारं होतं, आणि १६३०च्या सुमाराच्या मोठ्या दुष्काळानं ते मोडलं, हेही लक्षात ठेवावं. पाऊस मावळात पडला नाही तर खालच्या खोऱ्यात काय होतं, ते त्यातून कळतं. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे चाकणचे. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे. तेलाचा घाणा चालवणारा हा माणूस. म्हणजे यंत्र फिरवणारे हात या परिसराला नवे नाहीत.

चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढं तो जवळपास दोन महिने लढवला. सुरुंगानं बुरूज उडाला तेव्हा कुठं किल्ला पडला. १७७९च्या जानेवारीत मुंबईहून बोरघाट चढून आलेली इंग्रजांची फौज याच खोऱ्यात तळेगावपर्यंत पोचली. समोर गावं जाळून मोकळी केलेली, दाणागोटा मिळेना. माघारी फिरताना वडगावला मराठ्यांनी तिला गाठलं आणि इंग्रजांना तह करावा लागला. नंतर त्याच वाटेनं आगगाडी आली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा अवघड टप्पा. आणि १९१५ मध्ये या खोऱ्याच्या माथ्यावर एक मोठा बदल झाला. लोणावळा, वळवणच्या तलावांत अडवलेलं पाणी टाटांच्या योजनेत पाइपांनी पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला सोडून वीज तयार होऊ लागली. म्हणजे जे पाणी एरवी पूर्वेला देहू-आळंदीकडे आलं असतं, त्यातला काही भाग पश्चिमेला वळला. मुंबईच्या गिरण्यांचे माग फिरले त्यात आमच्या नदीचाही वाटा होता.

आता क्लूझची गोष्ट थोडक्यात सांगतो. तिथला हिवाळा लांब. शेत बर्फाखाली. अठराव्या शतकापासून तिथले शेतकरी हिवाळ्यात घरी बसून घड्याळांचे भाग बनवू लागले. जवळच्या जिनिव्हाच्या घड्याळवाल्यांना ते विकायचे. एका अर्थी तेही जॉबवर्कच. १८४४ साली मोठी आग लागून गाव जळालं. तेव्हा तो मुलूख सार्डिनियाच्या राज्यात होता. राज्यानं गाव सरळ आखीव रस्त्यांचं पुन्हा बांधलं आणि १८४८ मध्ये तिथं घड्याळजींची शाळा काढली. १८६० मध्ये तो प्रदेश फ्रान्सकडे गेला. विसाव्या शतकात घड्याळांची जागा हळूहळू मोटारींच्या सुट्या भागांनी घेतली. वाट साधी नव्हती. १९०४ मध्ये संपकरी कामगारांवर कारखान्यातून गोळीबार झाला आणि तीन माणसं गेली. आज मात्र फ्रान्समधल्या बारीक टर्निंगच्या कामाचा निम्म्याहून अधिक भाग त्या एका दरीत होतो.

आमच्याकडचं चक्र वेगळ्या कारणानं फिरलं. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि मोठे वाहन कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महापालिका झाली. नदीच्या पलीकडे, चाकणच्या बाजूला, नव्या शतकात परदेशी मोटार कंपन्या आल्या. यांच्या मधोमध आमचं तळवडे. १९९७ मध्ये आसपासच्या गावांबरोबर तेही महापालिकेत गेलं. एका बाजूला निगडी, दुसऱ्या बाजूला चाकण, मधून जाणारा रस्ता, आणि त्या रस्त्यानं दोन्हीकडच्या कारखान्यांना लागणारा बोल्टापासून बुशापर्यंतचा माल. उसाच्या आणि कांद्याच्या वावरात पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. शेजारी सॉफ्टवेअर पार्कच्या काचेच्या इमारती आल्या. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसं आली. त्यांनी गुंठा-अर्धा गुंठा घेतला आणि घर बांधलं.

इथं मला मुख्य मुद्द्याकडं यायचं आहे. त्या माणसांना जागा विकताना रस्ता किती फुटी, लाइट आहे का, बोअरला पाणी आहे का, हे सगळं सांगितलं गेलं. नदी किती वर येते, हे कुणी सांगितलं नाही. आमच्या भागाच्या नकाशावर तीन रेषा आहेत. पहिली निळी पूररेषा, म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. दुसरी लाल पूररेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आणि तिसरी देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतालच्या संरक्षित पट्ट्याची, जिला सगळे 'रेड झोन' म्हणतात. लाल रेषा आणि रेड झोन यांत लोकांची नेहमी गल्लत होते. एक पाण्याचा धोका सांगते, दुसरी स्फोटाचा. दोन्हीचा अर्थ एकच, की तिथं घर बांधू नये.

१७ मे २०२५ रोजी शेजारच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बांधलेले ३६ बंगले महापालिकेनं पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि तो सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला होता. त्याआधी फेब्रुवारीत कुदळवाडी-चिखलीतली भंगाराची गोदामं आणि लहान कारखान्यांची हजारो बांधकामं गेली. नंतर १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीनं कोसळला. चौघांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. पाच महिन्यांत एकाच खोऱ्यात या तीन घटना. प्रत्येकीची कायदेशीर कारणं वेगळी आहेत आणि त्यांवर बोलायला जाणकार आहेत. मी भूगोलाचा मास्तर. मला दिसतं ते एवढंच, की नदी आणि तिची जमीन यांची ओळख राहिली नाही, तेव्हा माणसं आयुष्याची कमाई नको तिथं ओततात आणि पावसाळ्यात नको तिथं उभी राहतात.

कुंडमळा हे नावच बघा ना! तिथं नदीच्या पात्रातल्या काळ्या खडकाला भोवऱ्यात फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कुंडं पाडली आहेत. आम्ही त्यांना रांजणखळगे म्हणतो. पारनेर तालुक्यातल्या निघोजचे प्रसिद्ध आहेत. आमच्या नदीपलीकडचं निघोजे ते हे नव्हे. नावात 'कुंड' आहे, म्हणजे तिथं पाणी जोरानं घुमतं, हे आपल्या आज्या-पणज्यांनी नाव ठेवतानाच सांगून ठेवलंय. तसंच शिवारातल्या नावांचं. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला मळई म्हणतात. तिथं पूर ओसरल्यावर गाळपेर करायची, घर बांधायचं नाही, हे त्या शब्दातच होतं. सातबाऱ्यावर गट नंबर आला आणि मळई हा शब्द गेला. त्याबरोबर इशाराही गेला.

आणखी एक गोष्ट. आज पिंपरी-चिंचवडकर जे पाणी पितात त्यातलं काही याच नदीतून येतं. आंद्रा धरणाचं पाणी नदीवाटे निघोज्याच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलून चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात नेलं जातं. आणि त्याच नदीवर खाली आळंदीला कितीदा तरी पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी पाहिला आहे. वर जलपर्णीचा गालिचा असतो तो निराळाच. आर्व्हच्या दरीतही असंच झालं होतं. टर्निंगच्या कारखान्यांचं तेल आणि जड धातू नदीत जात होते. १९९०च्या दशकात तिथल्या गावांनी एकत्र येऊन नदीसाठी करार केला. कारखान्यांनी वापरलेलं तेल आणि धुण्याचं पाणी वेगळं गोळा करायला सुरुवात केली आणि नदी पुष्कळ सुधारली. सगळं आलबेल झालं असं नाही. हिवाळ्यात त्या दरीत थंड हवा खाली बसते आणि धूर अडकून राहतो. हवेचं दुखणं त्यांचं अजून आहे. पण नदी ही एका गावाची नसते, वरपासून खालपर्यंत सगळ्या खोऱ्याची असते, हे त्यांनी मान्य केलं. आमच्याकडे नदीच्या एका काठाला महापालिका, दुसऱ्या काठाला ग्रामपंचायती, वर नगरपरिषदा आणि मध्ये लष्कराची हद्द. फेस मात्र कुठल्याच हद्दीवर थांबत नाही.

म्हणून माझी एक साधी विनंती आहे. तळवडे, चिखली, मोशी, देहू, निघोजे, महाळुंगे, या गावांत अजून सत्तर-पंचाहत्तरीची माणसं आहेत. मोठ्या पुरात पाणी कुठल्या झाडापर्यंत आलं, कुठल्या देवळाच्या पायरीला लागलं, कुठला ओढा कुणाच्या बांधावरून वाहत होता, हे त्यांना तोंडपाठ आहे. शाळेच्या मुलांनी एका रविवारी वही-पेन्सिल घेऊन त्यांच्याकडं जावं. शिवाराची जुनी नावं लिहून घ्यावीत. पाण्याच्या खुणा नकाशावर मांडाव्यात. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या, महापालिकेच्या कार्यालयात आणि सोसायटीच्या फळ्यावर लावावा. याला पैसा लागत नाही. नवीन जागा घेणाऱ्यानं व्यवहारापूर्वी पूररेषेचा नकाशा मागावा, आणि तो मिळेपर्यंत विसार देऊ नये.

आणि ज्यांची शेड आहे, त्यांना माझ्या त्या विद्यार्थ्याचं उदाहरण सांगतो. परत आल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं असेल? मशीनखाली ट्रे लावले आणि सांडलेलं तेल पिंपात जमा करायला सुरुवात केली. पूर्वी ते धुऊन ओढ्यात जायचं. महिन्याला किती तेल वाचतं याचा हिशेब तो आता पैशांत मांडतो. मी म्हटलं, "चांगलं केलंस." तर म्हणाला, "सर, ओढा शेवटी आपल्याच नळाला येतो."

 

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)